वाढत्या अंगाची बासरी

"मॅडम, पाच महिने झाले. नऊ हजारांची बासरी घेऊन दिलीय आणि ही बया तिला हातसुद्धा लावत नाही. हिला कशाची किंमतच नाही का हो?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली मिरजेची एक आई खुर्चीत बसता बसता हे बोलली. शेजारी वडील गप्प होते. मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली, बाहेर बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. कधी वाद्य वेगळं असतं, कधी सायकल किंवा क्रिकेटची बॅट, पण हा प्रश्न वर्षातून चार-पाच पालक तरी घेऊन येतात. हौसेनं चांगली वस्तू आणून दिली आणि मुलानं नेमकी तेव्हाच ती गोष्ट सोडली. आई-बाबांना तो कृतघ्नपणा वाटतो आणि खोलवर कुठेतरी अपमानही वाटतो. म्हणून ही हकिगत त्या कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून बासरी शिकत होती. सरांनी पहिल्या दिवशी हातात दिली ती पांढरी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत जिचा सा लागतो ती, जेमतेम दीड फूट लांबीची. हा आकडा सुराच्या पट्टीचा, लांबीचा नव्हे. तिच्यावर चार वर्षं गेली आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' ही संगीताची परीक्षाही झाली, तीही चांगल्या गुणांनी. निकाल लागला त्या आठवड्यात वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून नवी बासरी मागवली. पांढरी तीन, अडीच फुटांची, मोठे कलाकार मैफलीत वाजवतात त्या पट्टीची. मुलीला सांगितलं नाही, सरांनाही विचारलं नाही. पाडव्याला तिच्या हातात लांबलचक खोकं ठेवलं.

पहिले दोन-तीन आठवडे तिनं वाजवली. मग गृहपाठ, मग डोकेदुखी, मग मनगट दुखतंय. क्लासला जायच्या दिवशी पोटात दुखायला लागलं, तेव्हा आईनं माझा नंबर शोधला.

अशा वेळी मी पालकांना आधी एकच विचारते. मुलानं ती कला सोडलीय की फक्त ती वस्तू सोडलीय? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मन खरंच उडालेलं मूल गाणं ऐकणंही थांबवतं, क्लासमधल्या मैत्रिणींचा विषय टाळतं, सुटल्यासारखं मोकळं दिसतं. ही मुलगी मोकळी दिसत नव्हती. आईला विचारलं, "घरी काहीच वाजवत नाही?" आई म्हणाली, नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "शेजारच्या काकू म्हणत होत्या, संध्याकाळी गच्चीवरून बासरी ऐकू येते म्हणून. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल."

पुढच्या भेटीला मुलीला एकटीला बोलावलं आणि दोन्ही बासऱ्या घेऊन ये म्हणून सांगितलं.

मी वादक नाही. चार-सहा वर्षं गाणं शिकले, तेवढंच. पण समोर बसलेल्या मुलीचे हात बघायला वादक असावं लागत नाही. जुन्या बासरीच्या टोकाला तडा गेलेला, त्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळलेला. तिनं ती ओठाला लावली आणि भूप रागाचे चार स्वर असे काही आले की मला दोन मिनिटं प्रश्नच सुचला नाही. नंतर तिनं मोठी बासरी काढली. ती काढतानाच तिचे खांदे कानांकडे चढले. सा, रे, ग ठीक आले. ते स्वर डाव्या हाताची बोटं उचलून निघतात. खाली नी, ध, पला येताना उजव्या हाताचीही बोटं लावावी लागतात. तिथे सगळं विस्कटलं. मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पला, सहाही भोकं पक्की बंद हवीत. तिची अनामिका शेवटच्या भोकाच्या कडेपर्यंत पोचत होती, पण भोक झाकत नव्हती. थोडीशी फट राहिली की हवा निसटते, स्वर फुसकन विरतो किंवा चिरकतो. तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा बासरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला येतच नाही. बाबांचे पैसे वाया गेले."

मग हळूहळू बाकीचं कळलं. वर्गात बाकाखाली ती बोटांमध्ये खोडरबर अडकवून बसायची, बोटं लांब व्हावीत म्हणून. मनगट खरंच दुखत होतं, बहाणा नव्हता. आणि घरात कुणी पाहुणे आले की बाबा कौतुकानं सांगायचे, "नऊ हजारांची आहे." तिच्या कानात तो आकडा बसला होता. तिचा प्रत्येक बेसूर पंचम नऊ हजारांचा होत होता. जुनी बासरी गच्चीवर वाजवायची, कारण ती खाली वाजवली तर नवी का नाही वाजवत हे विचारलं जाईल.

तिला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, की चूक तिची नाही, मापाची आहे. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं बासरी मोठी नव्हती, तीच कमी होती. मोठ्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू जमत नाही, तेव्हा मूल वस्तूला दोष देत नाही. ते स्वतःला दोष देतं आणि वर गप्प राहतं. आईला दिसला तो आळस. त्या आळसाखाली शरम होती.

पालकांच्या संमतीनं तिच्या सरांशी बोलले. सर हळहळले. "मला विचारलं असतं तर पांढरी पाच सांगितली असती," म्हणाले. पांढरी पाचची बासरी दोन फुटांच्या आसपास असते. छोट्या बासरीवरून मोठीवर जाताना मधली पायरी. बोटांचं अंतर वाढतं पण आवाक्यात राहतं, फुंकेला जास्त दम लागतो पण छाती फुटत नाही. मोठ्या बासरीवर बोटांच्या टोकांनी भोकं झाकता येत नाहीत, पेरं आडवी ठेवावी लागतात. ही सवय मधल्या मापावर लागते. एकदम पांढरी एकवरून पांढरी तीनवर उडी मारली तर हात जुन्याच सवयीनं टोकं ताणत बसतो. मनगट दुखतं ते त्यामुळे.

एक गोष्ट मला सरांकडूनच नीट समजली. ही लांब बासरी लहान मुलांसाठी घडलेली नाहीच. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीवर रागदारीतला ख्याल वाजवायचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांना खालच्या सप्तकाचं गांभीर्य हवं होतं आणि त्यासाठी त्यांनी लांब, जाड बांबू निवडला. ते वाद्य मोठ्या माणसाच्या हाताच्या आणि श्वासाच्या मापाचं आहे.

आता वडिलांशी बोलणं बाकी होतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी होती. त्यांना "तुमचं चुकलं" म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी काय केलं होतं? स्वतः आठवीत असताना त्यांना पेटी शिकायची होती. घरात तेवढे पैसे नव्हते. रेडिओवर हरिप्रसाद चौरसियांची बासरी लागली की हातातलं काम सोडून ऐकणारा हा माणूस. तो भरदार आवाज आपल्या घरात, आपल्या लेकीच्या हातून यावा, एवढीच त्यांची इच्छा. "मधली कशाला घ्यायची," ते म्हणाले, "एकदाच चांगली घेतली की झालं. पोर काय, वाढतंच आहे."

आपल्याकडे प्रत्येक घरात हा हिशेब असतो. गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या. त्यात गैर काही नाही, आमच्या आईनंही तेच केलं. पण गणवेशाची बाही दुमडता येते. बासरीची भोकं दुमडता येत नाहीत.

मिरज हे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या माणसाला पटेल असं मी त्यांना विचारलं, "सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर काय विचारतो?" ते लगेच म्हणाले, "कोण गाणार, बाई की पुरुष, पट्टी कोणती." बायकांच्या आवाजाचा तंबोरा वेगळ्या मापाचा, पुरुषांचा वेगळा, हे त्यांना लहानपणापासून माहीत. "मग बासरी घेताना कोण वाजवणार हे का नाही विचारलं?" यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हा मुलीला आत बोलावलं आणि वडिलांना मोठी बासरी वाजवून बघायला सांगितलं. त्यांच्या रुंद बोटांनी सहाही भोकं सहज झाकली. पण फुंकल्यावर नुसता वारा. पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. मुलगी पुढे झाली. "बाबा, ओठ असे नाही. खालचा ओठ भोकावर अर्धा टेकवा. जोरात नाही फुंकायचं." चार-पाच वेळा शिकवलं तरी जमेना. मग तिनंच बासरी ओठाला लावली आणि म्हणाली, "तुम्ही खालची तीन बोटं लावा." वडील तिच्या उजव्या बाजूला बसले आणि पलीकडची तीन भोकं त्यांनी झाकली. तिनं हलकीशी फुंक मारली. मंद्र पंचम भरून आला. पाच महिन्यांत त्या बासरीतून पहिल्यांदा. वडिलांचा हात तसाच भोकांवर राहिला आणि आई डोळ्यांना पदर लावून खिडकीकडे बघत राहिली.

त्यानंतर ठरलं ते साधं होतं. नव्या बासरीची किंमत घरात कुणी उच्चारायची नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. जुनी बासरी गच्चीवरून खाली आणायची. मनगट डॉक्टरांना दाखवायचं आणि दुखणं थांबेपर्यंत रियाज दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. आणि मधली बासरी सरांच्या सोबत जाऊन घ्यायची, मुलीच्या हातात देऊन, खोक्यात बांधून नव्हे.

ती खरेदी कशी झाली हे मुद्दाम सांगते, कारण वाद्य घेणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडेल. सरांनी पांढरी पाचच्या पाच-सहा बासऱ्या समोर मांडल्या. एकाच पट्टीच्या असल्या तरी बांबूची जाडी, भोकांचा आकार, दोन भोकांमधलं अंतर यांत थोडाथोडा फरक असतो. मोबाइलवर तंबोरा लावला. प्रत्येक बासरीवर आधी मंद्र पंचम, मग सा, मग तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला. दोन्ही सा एकमेकांशी जुळतात का, पंचम हलक्या फुंकेवर उभा राहतो का. गार बांबू थोडा उतरलेला वाजतो, म्हणून प्रत्येक बासरी आधी दोन-चार मिनिटं फुंकून गरम केली आणि मग सूर तपासला. सर सुरांकडे लक्ष देत होते, आईला मी मुलीचे खांदे बघायचं काम दिलं होतं. एका बासरीचा आवाज सगळ्यांत गोड होता, पण ती हातात घेतली की खांदे चढायचे. ती बाजूला ठेवली. निवडली ती दिसायला अगदी साधी, किंमत अठराशे. नाही जमली तर महिनाभरात बदलून देईन असं विकणाऱ्यानं कबूल केलं.

वडिलांनी मला नंतर हळूच विचारलं, मोठी विकून टाकू का? मी म्हटलं, तिलाच विचारा. ती नाही म्हणाली.

पोटदुखी थांबायला तीन आठवडे लागले. मध्ये एकदा क्लासमधल्या एका मुलानं त्याची मोठी बासरी दाखवली तेव्हा पुन्हा दोन दिवस रडारड झाली. पण तेव्हा ती आईशी बोलली, गच्चीवर गेली नाही.

मोठी बासरी आता तिच्या खोलीत खोळीत टांगलेली असते. उन्हाळ्यात बांबू तडकू नये म्हणून वडील तिला आतून तेलाचा हात देतात, ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती खाली उतरवतात आणि मुलगी बोटं लावून बघते. गेल्या महिन्यात आईचा फोन आला होता. पाचवं भोक पेरानं नीट झाकलं जातंय, सहावं अजून नाही. सहाव्यावर बाबाच बोट ठेवतात.