रोड आयलंड : हाकलून दिलेल्यांनी वसवलेले राज्य

अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य असलेल्या रोड आयलंडच्या आरंभीच्या इतिहासात सांगण्याजोगे काय आहे, असे आपण विचारले आहे. खाडीचे पाणी धरले तरी हे राज्य गोव्याहून थोडेसेच मोठे भरते; मात्र शेजारच्या वसाहतींना नकोशा झालेल्या माणसांनी ते वसवले, आणि त्याच्या बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होतात.

रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक १६३१ मध्ये इंग्लंडहून बोस्टनला आला. धर्माच्या बाबतीत सरकारने कोणाला शिक्षा करू नये, आणि जी जमीन मूळ रहिवाशांची आहे ती इंग्लंडच्या राजाला परस्पर दान करता येत नाही, ही त्याची मते मॅसॅच्युसेट्सच्या पुढाऱ्यांना मानवली नाहीत. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याला जहाजावर चढवून इंग्लंडला परत पाठवण्याचा बेत चालू असताना, भर हिवाळ्यात तो बर्फ तुडवत निसटला आणि मूळ रहिवाशांच्या आश्रयाने जगला. सीकाँक येथे त्याने घर बांधायला आणि पेरणीला सुरुवात केली, तोच ती जागा आपल्या हद्दीत येते असे प्लिमथ वसाहतीने कळवले. मग नदी ओलांडून, नॅरागॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले. पुढे १६४३ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावर त्याने त्यांच्या भाषेवर एक पुस्तकही लिहिले.

मला सर्वांत आवडते ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची हकिकत. या लोकांना थारा देऊ नका, असा तगादा शेजारच्या वसाहतींनी १६५७ मध्ये लावला. त्यावर रोड आयलंडने उत्तर दिले, की त्यांना मोकळेपणाने बोलू दिले की त्यांचे अनुयायी वाढत नाहीत आणि त्यांनाच इथला कंटाळा येतो. छळ झाला तरच त्यांचे फावते. बोस्टनने मात्र १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फासावर चढवले. विशेष म्हणजे विल्यम्सला स्वतःला हा पंथ मुळीच पसंत नव्हता. १६७२ मध्ये, सुमारे सत्तरीच्या वयात, तो दिवसभर नाव वल्हवत रोड आयलंडमधल्याच न्यूपोर्ट गावी गेला आणि त्यांच्याशी जाहीर वाद घालत बसला. त्यांना बंदी करावी असे मात्र त्याने कधी म्हटले नाही. धर्मस्वातंत्र्याचे हे तत्त्व वसाहतीच्या राजसनदेतही आले होते. न्यूपोर्टचा धर्मोपदेशक जॉन क्लार्क याने १६६३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून मिळवलेल्या त्या सनदेवर तिथला कारभार १८४३ पर्यंत चालला.

केवळ गौरव करून थांबणे मात्र प्रामाणिक होणार नाही. कोणालाही दहा वर्षांहून अधिक काळ दास्यात ठेवू नये, असा कायदा तिथे १६५२ मध्ये झाला. पण तो कागदावरच राहिला आणि अठराव्या शतकात न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांनी गुलामांच्या व्यापारात भरपूर पैसा कमावला. नॅरागॅन्सेटांचे तर त्याआधीच वाटोळे झाले होते. इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यातील युद्धात, डिसेंबर १६७५ मध्ये, शेजारच्या वसाहतींच्या सैन्याने रोड आयलंडच्या दलदलीतील त्यांच्या गढीवर हल्ला करून शेकडो माणसे मारली. मार्च १६७६ मध्ये मूळ रहिवाशांनी प्रॉव्हिडन्स जाळले, त्यात विल्यम्सचे घरही गेले. युद्धकैद्यांना ठरावीक मुदतीच्या वेठीला विकण्यासाठी त्याच वर्षी गावाने जी समिती नेमली, तिच्या सदस्यांमध्ये विल्यम्स होता.