जांभ्याचा चिरा आणि सहा फुटांचा कॅनव्हास

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा चांगली पास झाली, आणि आता सहा बाय चार फुटांचा कॅनव्हास आणून परसातल्या जांभ्याच्या, म्हणजे भोकाभोकांच्या तांबड्या दगडाच्या गडग्यावरून अमूर्त चित्र करायचं म्हणते. ‘त्यात ना माणूस, ना झाड. हे करिअर आहे की अभ्यासातून पळवाट?’ असं तुम्ही विचारलंत.

पळवाट नाही. तुम्ही सोबत पाठवलेले तिचे कागद मी बराच वेळ पाहिले. चिऱ्यावर कागद धरून तिनं पेन्सिलीनं ठसे घासून घेतलेत. एका ठशात तिनं भोकं कोरी ठेवली आणि त्यांच्या मधली जागा चारकोलनं काळी केली. दगडात असतं त्याच्या नेमकं उलट! नक्कल करणारी मुलगी असं करत नाही. मला त्या कागदानं फार आनंद दिला.

पण ठशावरून एकदम सहा फुटांवर जाऊ नये. बोटाएवढं भोक नुसतं मोठं केलं की पोकळ दिसतं. मोठ्या चित्रात हात मनगटातून नाही, खांद्यापासून फिरतो, त्याची सवय लागते. आधी हाफ इम्पिरियल, म्हणजे साधारण २२ बाय १५ इंची कागदावर पाच-सहा कामं होऊ द्या. रंग ॲक्रिलिक घ्या, तेलरंगाचा जाड थर सुकायला फार दिवस लागतात. टेक्स्चर पेस्ट, म्हणजे पोत उठवायचा लगदा, पातळ लावायची, एक थर सुकला की दुसरा. एकदम थापली तर भेगा पडतात. फ्रेमला मधे आडवी पट्टी हवीच, नाहीतर एवढ्या मापाची चौकट पिळवटते.

आता प्रवेशाचं. बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, चार वर्षांचं. त्याच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं, अमूर्ताला तिथे जागा नाही. म्हणून रोज एक तास तांब्या, कांदे, घडी पडलेलं फडकं समोर ठेवून रेखाटन, यात सूट नको. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे पुढे रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग लावायच्या सुरीनं) अमूर्त चित्रं करत, पण १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून रीतसर डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेले होते.

पोटापाण्याचं खरं सांगते. नुसती अमूर्त चित्रं विकून सुरुवातीची वर्षं क्वचितच कुणाची निघतात. शिकवणं, कापडाचं डिझाइन, जुन्या चित्रांचं जतन ही कामं जोडीला धरावी लागतात. हे तिलाही आत्ताच सांगा, दडवू नका.

कॅनव्हास सीईटी झाल्यावर ताणा. पाऊस जवळ आला असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, दमट हवेत थर लवकर सुकत नाहीत. चित्र चालू असताना ‘हे काय आहे?’ असं मात्र विचारू नका. अंगणात भिंतीला टेकवून दहा पावलं मागं जा आणि तिच्याबरोबर नुसतं बघा.

झाल्यावर मला दोन फोटो पाठवा, एक समोरून आणि एक संध्याकाळच्या तिरप्या उजेडात. समोरच्या उजेडात पोत दिसत नाही.