पुरात गावचा ग्रुप बंद करावा का?

प्रश्न: आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. पावसाचा जोर वाढला की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘धरणाचे दरवाजे उघडले, पळा’ असे मेसेज आणि कुठले कुठले व्हिडिओ सुरू होतात. म्हातारी माणसं घाबरतात. ग्रुप बंदच ठेवावा का? – एक अ‍ॅडमिन

उत्तर: मुळीच नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी मदतीचे फोन घ्यायला बसत होते. ‘आजी माडीवर अडकल्यात, पाणी जिन्याला लागलंय, बोट पाठवा’ हा मेसेज सगळीकडून यायचा. त्यात ना गावाचं नाव, ना वेळ. बोट पाठवायची कुठं? कधी आजींना सकाळीच बाहेर काढलेलं असायचं आणि मेसेज रात्रीही फिरत असायचा. 2018 च्या पुरात केरळातही हेच झालं होतं.

म्हणून मेसेज असा हवा: ‘8 ऑगस्ट, दुपारी 3.20. गाव अमुक. मारुतीच्या देवळामागची गल्ली, निळ्या पत्र्याचं घर. माणसं 4, एक अंथरुणाला खिळलेली. घरातला चालू फोन नंबर.’ सुटका झाली की त्याच मेसेजखाली ‘काढलं’ असं लिहा. हे एवढं कराच, कळकळीनं सांगते.

आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही. 1077 (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) किंवा 112 (आपत्कालीन मदत) ला फोन करायचाच. पुण्या-मुंबईतल्या पोरांनी नुसता 1077 फिरवला तर तिथलाच कक्ष लागायचा. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर आत्ताच ग्रुपवर पिन करून ठेवा. गावात चार्जिंग संपलेलं असतं, तेव्हा बाहेरगावची ही पोरंच फोनाफोनी करू शकतात.

दरवाजांचं म्हणाल तर राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं. दरवाजा उघडला म्हणजे धरण फुटलं नव्हे. विचारायचं ते हे: किती दरवाजे, किती वाजता, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती? तिथं इशारा 39 फुटांना, धोका 43 फुटांना. तारीख नसलेला व्हिडिओ सरळ काढून टाका.

ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ करू नका, अडकलेल्याचं तोंडच बंद होतं. पाण्याच्या पातळीसाठी दुसरा ग्रुप काढा. तिथं मात्र दोघांनीच लिहावं.