वजन बरोबर, मग साखर का वाढली?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ४२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलंय. तपासणीत बीएमआय २२.७, म्हणून 'नॉर्मल' असा शेरा आला, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१ निघालं. पँट ३४ची लागते. जाड नसलेल्या माणसाला लठ्ठपणाचा त्रास होतो का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : होतो, आणि आपल्याकडे फार वेळा होतो. बीएमआय काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण त्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे बसली आहे, हे या आकड्याला कळतच नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

कातडीखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. तिथली जागा भरली की उरलेली चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. मग यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि उपाशीपोटीही साखर सोडत राहतं. जेवणानंतरची साखर प्रामुख्याने स्नायू उचलतात, आणि तेच तुमच्या मिस्टरांकडे कमी आहेत.

आता पोट मोजा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पँट पोटाच्या खाली बसते आणि रेडिमेडवर ३४चा शिक्का असला तरी ती अनेकदा त्याहून मोठी असते. सकाळी उपाशीपोटी, कपडा वर करून, कुशीत शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. शिंप्याची टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा. ती पाठीमागे घसरते, तेव्हा मागून तुम्ही बघा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. दोनदा मोजा, आणि एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. उंचीच्या निम्म्याचा नियम लावला तर यांची मर्यादा ८४च येते.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मात्र लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही बघून घ्या. सोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) करा. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर नाही' आलं तरी निर्धास्त होऊ नका, थोडी चरबी तिथे दिसत नाही.

पोट उतरावं म्हणून कृपा करून रात्रीचं जेवण बंद करू नका. प्रथिनं आणि व्यायाम नसताना उपास केले की आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळी पोहे आणि दोन्ही वेळा पातळ आमटी, एवढ्यावर ती भरत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. आठवड्यातून तीनदा बैठका आणि भिंतीला टेकून जोर, दहा-दहाचे तीन फेरे. जेवणानंतर १५ मिनिटं चाला, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढतो. पोट महिन्यातून एकदाच मोजा.

प्रश्न : थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ७ आहे आणि दोन वर्षांत १४ किलो वाढले. थायरॉइडमुळेच ना? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : एवढं वजन थायरॉइडच्या माथी मारता येणार नाही. ग्रंथी मंदावल्याने सहसा दोन ते पाच किलो वाढतात, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ असतं. उलट लठ्ठपणानेही टीएसएच थोडं चढतं. म्हणून थायरॉइडची गोळी चालू असेल, तर तिचा डोस मनाने वाढवू नका, त्याने छातीत धडधड आणि हाडांची झीज होते. गेल्या दोन वर्षांत सुरू झालेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधं वजन वाढवतात. पाळी अनियमित असेल किंवा झोपेत घोरत असाल, तर तेही सांगा.