बायोगॅसमधून हायड्रोजन : निकेल चालतं, पण टिकतं का?

प्रश्न : बायोगॅसमध्ये मिथेन असतोच, मग निकेलच्या कॅटॅलिस्टवरून (रिअॅक्शनला वेग देणाऱ्या पदार्थावरून) गॅस सोडला की हायड्रोजन मिळायला हवा ना? व्हिडिओत तर एकदम सोपं दाखवतात. आणि कार्बन डायऑक्साइड आधी काढून टाकायचा का?

उत्तर : मिळतो की! आणि निकेलवरच मिळतो, मोठ्या रिफॉर्मरमध्येही (मिथेनपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भट्टीत) बहुतेक निकेलच असतं कारण ते स्वस्त पडतं. पण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, कारण ही रिअॅक्शन उष्णता खाते, आणि हे व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही.

कार्बन डायऑक्साइड काढायची गरज नाही, तो कामाला येतो. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो, याला ड्राय रिफॉर्मिंग म्हणतात. आता हिशोब बघा, गॅसमध्ये ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर रिअॅक्शनमध्ये दोघं एकास एक लागतात, म्हणजे २० भाग मिथेन जोडीदाराविना उरतो आणि तापलेल्या निकेलवर फुटून त्याची काजळी होते. म्हणून मला नुसत्या ड्राय रिफॉर्मिंगचा गाजावाजा पटत नाही, सोबत वाफ सोडा, हायड्रोजनही जास्त मिळतो आणि काजळीही कमी धरते. पुढे शिफ्ट रिअॅक्टरमध्ये मोनॉक्साइड वाफेशी मिळून आणखी हायड्रोजन देतो, तिथे लोखंडाचा किंवा तांब्याचा कॅटॅलिस्ट असतो.

ही काजळी नुसती वर बसते असं नाही बरं का. कार्बन निकेलच्या कणात विरघळतो आणि मागच्या बाजूने धाग्यासारखा वाढत जातो, निकेलचा कण त्या धाग्याच्या टोकावर उचलला जातो, आणि शेवटी ट्यूब चोंदते. कण बारीक ठेवले, निकेल ज्यावर बसवतात त्या आधाराला मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) किंवा सेरिया (सेरियमचा ऑक्साइड) घेतला की हा त्रास बराच कमी होतो, सेरिया स्वतःचा ऑक्सिजन देऊन कार्बन जाळत राहतो.

पण खरा खलनायक हायड्रोजन सल्फाइड! कच्च्या बायोगॅसमध्ये तो शेकडो, कधी हजारो पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतो, आणि निकेलचं नुकसान करायला काही पीपीएमही पुरतात, सल्फर पृष्ठभागाच्या जागा अडवून बसतो. त्यामुळे सल्फर काढायला गॅस आधी आयर्न ऑक्साइड किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बनमधून, मग झिंक ऑक्साइडमधून सोडायचा, एवढं झाल्याशिवाय रिफॉर्मर पेटवूच नका. गॅस लँडफिलचा किंवा सांडपाण्याचा असेल तर त्यात सिलोक्सेन (सिलिकॉनची संयुगं) पण असतात, तेही आधीच काढायचे, नाहीतर त्यांची सिलिका होऊन कॅटॅलिस्टवर बसते.

प्रश्न : मग प्लॅटिनम वगैरे का नाही वापरत?

उत्तर : वापरतात, रोडियम आणि रुथेनियम तर निकेलपेक्षा बरेच सरस, कारण कार्बन त्यांच्यात फारसा विरघळत नाही. पण किंमत! आणि सल्फर त्यांनाही सोडत नाही. निकेलमध्ये थोडंसं रोडियम मिसळणं हा मधला मार्ग आहे, मला तोच जास्त व्यवहार्य वाटतो.

प्रश्न : निघालेला गॅस थेट फ्युएल सेलला (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलला) लावला तर?

उत्तर : गाडीतल्या पीईएम सेलला (पातळ पॉलिमर पडद्याच्या फ्युएल सेलला) तर अजिबात नाही. त्याला कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणून शिफ्टनंतरही पीएसए (दाब कमी-जास्त करून हायड्रोजन वेगळा काढणारा टप्पा) लावावाच लागतो. आणि त्यातून उरलेला गॅस सोडून देऊ नका, त्यात मिथेन असतो, तो रिफॉर्मरच्या बर्नरमध्येच जाळा.