पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर

केरी, नॉर्थ कॅरोलायना

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातून तुझा पिस्तुलाचा परवाना आल्याचे तुझ्या आईने परवा फोनवर सांगितले आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुकापेक्षा काळजीच जास्त होती. औषधांच्या दुकानातली रात्रपाळी संपवून एकटीने गाडी चालवत घरी येणाऱ्या मुलीने पिस्तूल बाळगावे की नाही, हा वाद मी इथे उकरून काढणार नाही. तो तू स्वतःशी घालून झाला आहेस आणि परवान्यासाठी लागणारा आठ तासांचा वर्गही पुरा केला आहेस. त्या वर्गात कायदा शिकवतात, नेम धरायला शिकवतात, पण ज्या प्रसंगाला तोंड द्यावे लागण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. दरोडेखोर आयुष्यात कदाचित कधीच भेटणार नाही. वेग वाढला किंवा मागचा दिवा गेला म्हणून गाडी थांबवणारा पोलीस मात्र केव्हा ना केव्हा भेटेलच.

त्या पोलिसाच्या जागी क्षणभर उभी राहून पाहा. रात्रीची वेळ आहे, पलीकडून ट्रक सुसाट जात आहेत, समोरच्या गाडीत कोण आहे हे त्याला माहीत नाही. तू कायद्याने वागणारी मुलगी आहेस, हे तुला ठाऊक आहे. त्याला मात्र केवळ तुझे हात दिसतात. तुझ्या परवान्याची नोंद त्याच्या संगणकावर आलेली असेल किंवा नसेलही. म्हणून पुढच्या साऱ्या गोष्टी एकाच सूत्राने चालतात: आधी हात, मग शब्द, आणि पिस्तुलाला स्पर्श मुळीच नाही.

आपल्याकडे भारतात चौकात हवालदाराने शिट्टी मारली की माणूस गाडी बाजूला लावतो, खाली उतरतो आणि कागदपत्रे हातात घेऊन “साहेब, साहेब” करत त्याच्यापाशी जातो. तसे करणे तिथे नम्रपणाचे समजतात. तुझ्या बाबांच्या अंगात ही सवय अजून मुरलेली आहे आणि त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकल्यामुळे ती तुझ्यातही थोडी उतरली असेल, म्हणून स्पष्ट लिहितो. अमेरिकेत न सांगता गाडीतून उतरून पोलिसाच्या दिशेने चालू लागणे हे नम्रपणाचे नव्हे, हल्ल्याचे लक्षण मानले जाते. मागे निळे दिवे दिसले की उजवीकडचा सिग्नल दे, सुरक्षित जागी गाडी कडेला घे, इंजिन बंद कर, आतला दिवा लाव, खिडकीची काच पूर्ण खाली कर आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला ठेवून स्वस्थ बस. सीटबेल्टही सोडू नकोस, कारण मागून पाहणाऱ्याला बेल्ट सोडणारा हात आणि कमरेकडे जाणारा हात सारखेच दिसतात. कागदपत्रे शोधण्यासाठी ग्लोव्ह बॉक्समध्ये वाकण्याचा मोहही आवर. ती तो मागेल तेव्हा द्यायची आहेत.

आता तुझ्या पर्सविषयी. मागच्या भेटीत तू ती दाखवलीस: मोठी, चामड्याची, शेजारच्या सीटवर ठेवलेली, एका कप्प्यात पिस्तूल आणि त्याला लागूनच असलेल्या चेनच्या कप्प्यात पाकीट, ज्यात ड्रायव्हिंग लायसन्सही आणि शस्त्राचा परवानाही. घरात ही मांडणी सोयीची वाटते. रस्त्याच्या कडेला ती याहून वाईट असू शकत नाही. पोलीस लायसन्स मागेल, तू पर्सकडे हात नेशील, आणि तुझी बोटे पिस्तुलापासून चार इंचांवर असतील. पुरुषांच्या बाबतीत हीच अडचण उजव्या कमरेचे होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) आणि उजव्या मागच्या खिशातले पाकीट यांच्यामुळे येते. उपाय साधा आहे. लायसन्स, परवाना, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचा कागद एका पातळ पाकिटात घालून ते डोक्यावरच्या सन व्हायझरला अडकवून ठेव, आणि गाडीतून उतरताना न विसरता बरोबर घे. पर्समध्ये पिस्तूल ठेवणे मला मुळातच पसंत नाही, कारण पर्स विसरते, चोरीला जाते आणि लहान मुले ती उघडतात. पण ठेवणारच असशील तर त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नसावी आणि आत ट्रिगर झाकणारे घट्ट होल्स्टर असावे.

आपल्या राज्याचा कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. छुपे, म्हणजे बाहेरून न दिसणारे, पिस्तूल जवळ असताना पोलीस अधिकारी तुझ्याजवळ आला किंवा तुझ्याशी बोलू लागला, की तुझ्याकडे परवाना आहे आणि पिस्तूल जवळ आहे हे तू स्वतःहून सांगितलेच पाहिजे. त्याने विचारण्याची वाट पाहायची नाही. परवाना आणि ओळखपत्र जवळ असलेच पाहिजे आणि मागितल्यावर दोन्ही दाखवले पाहिजे. सगळ्या राज्यांत असे नाही. मिशिगन आपल्यासारखेच आहे. इलिनॉयमध्ये विचारल्यावर सांगावे लागते. ओहायोत पूर्वी स्वतःहून सांगणे बंधनकारक होते, जून 2022 पासून विचारले तरच. कायदा काहीही असो, लायसन्स काढण्यापूर्वी शांतपणे सांगून टाकणे मला शहाणपणाचे वाटते.

सांगायचे कसे, हे मात्र आधी ठरवून ठेव. “गन” या शब्दाने वाक्याची सुरुवात करू नकोस, कारण पोलीस एकमेकांना सावध करायला नेमका तोच शब्द ओरडतात. पहिल्यांदा परवाना, मग पिस्तूल, मग ते कुठे आहे, आणि शेवटी प्रश्न, असा क्रम ठेव: “ऑफिसर, माझ्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, पिस्तूल शेजारच्या सीटवरच्या पर्समध्ये आहे, माझे लायसन्स व्हायझरवर आहे, मी काय करावे अशी आपली इच्छा आहे?” हे इंग्रजीत, सावकाश, हात न हलवता. मग तो जे सांगेल तेवढेच करायचे, आणि प्रत्येक हालचाल करण्यापूर्वी ती तोंडाने सांगायची. “कुठे आहे ते दाखव” असे तो म्हणाला, तर बोटाने दाखवू नकोस, शब्दांनी सांग. दोन अधिकारी दोन वेगळ्या सूचना देऊ लागले, तर थांब आणि कोणाचे ऐकू ते विचार.

हे सगळे चोख केले म्हणजे भीती उरत नाही, असे मी तुला सांगणार नाही, कारण ते खोटे ठरेल. 6 जुलै 2016 रोजी मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टील या बत्तीस वर्षांच्या तरुणाची गाडी थांबवली गेली. तो सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारा कर्मचारी होता, त्याच्याकडे परवाना होता आणि आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने अदबीने, स्वतःहून सांगितले. अधिकाऱ्याने त्याला त्याकडे हात नेऊ नकोस म्हटले, आपण ते काढत नाही असे कॅस्टील म्हणाला, त्याच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीनेही तेच सांगितले, आणि काही क्षणांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी होती. जून 2017 मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. कॅस्टील कृष्णवर्णीय होता आणि त्यापूर्वीच्या वर्षांत त्याला किरकोळ कारणांसाठी चाळीसहून अधिक वेळा थांबवले गेले होते. हे बाजूला ठेवून ती घटना समजणार नाही. तरीही आपल्या कामाचा एक धागा त्यात आहे. ओळखपत्र दे असे आधी सांगितले गेले होते, आणि शस्त्राचा उल्लेख झाल्यानंतर ती पहिली सूचना कायम आहे की रद्द झाली, हे कोणीच स्पष्ट केले नाही. म्हणून ‘शस्त्र आहे’ असे सांगितल्यानंतर आधीची प्रत्येक सूचना रद्द झाली असे समज, हात स्टिअरिंगवर ठेव आणि नवी सूचना स्पष्ट शब्दांत येईपर्यंत हलू नकोस.

अधिकाऱ्याने गाडीतून उतरायला सांगितले तर उतरावेच लागते. पेनसिल्व्हेनियाविरुद्ध मिम्स या 1977 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवून टाकले आहे. त्या प्रकरणात गाडी थांबवण्याचे कारण नंबरप्लेटची मुदत संपणे एवढेच होते, आणि चालक उतरल्यावर त्याच्या जाकिटाखाली फुगवटा दिसला, तो भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा निघाला. सहप्रवाशांनाही उतरायला सांगता येते, हे 1997 मध्ये ठरले. उतरताना पर्स उचलू नकोस. सुरक्षेसाठी पिस्तूल काही काळ ताब्यात घ्यायचे त्याने ठरवले तर ते त्यालाच काढू दे, आणि परत देताना गोळ्या वेगळ्या काढून दिल्या तर मुकाट्याने तसेच डिकीत ठेव. पुन्हा भरण्याचे काम तो निघून गेल्यावर, आणि खरे तर घरी पोहोचल्यावरच.

आज्ञा आणि विनंती यांतला फरक मात्र ओळखायला शीक. “गाडी पाहिली तर चालेल ना?” ही विनंती आहे, आणि “मी झडतीला संमती देत नाही” असे सौम्यपणे म्हणण्याचा तुला अधिकार आहे. त्यानंतरही त्याने झडती घेतली तर अडवायचे नाही, वाद घालायचा नाही; ती बेकायदा होती की नाही हे न्यायालयात ठरते, रस्त्याच्या कडेला नव्हे. 2015 च्या रॉड्रिग्ज खटल्यात न्यायालयाने म्हटले आहे की ज्या कारणासाठी गाडी थांबवली त्याला लागणाऱ्या वेळेपेक्षा ती विनाकारण रोखून धरता येत नाही. म्हणून काम संपल्यासारखे वाटले की “मी जाऊ शकते का?” एवढे विचारावे. लायसन्ससोबत नोट सरकवण्याचा विचार तर विनोदानेही नको. इथे पावतीऐवजी तुरुंग पदरी पडेल.

आता राज्यांच्या सीमा. दर वर्षी गणपतीला तू न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे जातेस. आय-95 महामार्गावरून जाताना व्हर्जिनियात तुझा परवाना चालतो. मेरीलँडमध्ये चालत नाही आणि न्यू जर्सीत तर नाहीच नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये शनीन ॲलन ही फिलाडेल्फियाची तरुण आई पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना घेऊन न्यू जर्सीत गेली, गाडी थांबवल्यावर तिने प्रामाणिकपणे पिस्तूल असल्याचे सांगितले, आणि तिला अटक झाली. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार दीर्घ काळ डोक्यावर राहिली. अखेर 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. 1986 च्या संघीय कायद्याने परक्या राज्यातून नुसते पार होण्याची मुभा आहे, पण ती गोळ्या काढलेल्या, डिकीत बंद ठेवलेल्या शस्त्रापुरती, आणि जिथून निघालीस व जिथे पोहोचतेस त्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे कायदेशीर असेल तरच. एडिसन हेच मुक्कामाचे ठिकाण असेल तर ती तुझ्या कामाची नाही. गणपतीला जाताना पिस्तूल केरीतच, कुलपात.

यात तुझ्यासाठी आणखी एक पेच आहे, जो तुझ्या अमेरिकन मैत्रिणींना नाही. तू ग्रीन कार्डवर आहेस, आणि शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येते. ज्या गुन्ह्यातून नागरिक दंडावर सुटेल, तो तुला मुंबईच्या विमानात बसवू शकतो. तुझी मावसबहीण तर विद्यार्थी व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला पिस्तूलच नव्हे, गोळ्यासुद्धा ताब्यात ठेवायला संघीय कायद्याने बंदी आहे. तुम्ही दोघी एकच गाडी वापरता. तुझे पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये विसरले, सकाळी ती गाडी घेऊन विद्यापीठात निघाली आणि तिला थांबवले, तर उत्तर द्यायची वेळ तिच्यावर येईल. गाडीची किल्ली तिला देण्यापूर्वी गाडी रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आजी-आजोबा उन्हाळ्यात येतील तेव्हा त्यांनाही आधीच समजावून सांग, कारण आजोबा खाली उतरून “मी बोलतो त्यांच्याशी” म्हणणारच. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात मुलाकडे राहायला आलेले गुजरातचे सुरेशभाई पटेल नुसते फिरायला निघाले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पोलिसांच्या सूचना कळल्या नाहीत, आणि जमिनीवर आपटले गेल्याने त्यांना पक्षाघात झाला. तेव्हा गाडीत ज्येष्ठ माणसे असतील, तर पिस्तुलाचा उल्लेख करतानाच मागे बसलेल्यांना इंग्रजी समजत नाही हेही अधिकाऱ्याला सांग, आणि त्यांना मराठीत काही सांगायचे झाले तर आधी परवानगी घे.

दारूबद्दल दोनच शब्द: आपल्या राज्यात शरीरात मद्याचा अंश असताना छुपे पिस्तूल बाळगणे गुन्हा आहे, मग तो वाइनचा एक पेला का असेना.

अधिकारी चुकीचा वागला असे वाटले, तर तिथे काही बोलू नकोस. घरी पोहोचल्याबरोबर वेळ, जागा, गाडीचा क्रमांक आणि बिल्ल्यावरचे नाव लिहून काढ; अंगावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण वकिलामार्फत मागता येते, पण त्यासाठी दिरंगाई करून चालत नाही. शस्त्रविषयक आणि इमिग्रेशन या दोन्ही बाबी समजणारा वकील आत्ताच पाहून ठेव.

येत्या रविवारी दुपारी गाडी घेऊन ये, पिस्तूल घरी ठेवून. आपल्या अंगणात उभ्या गाडीत तू स्टिअरिंगवर बस, मी टॉर्च घेऊन मागून येतो, आणि परवान्याचे आणि पिस्तुलाचे ते वाक्य न अडखळता तोंडातून निघेपर्यंत आपण तालीम करू. काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे, तेव्हा जेवून येऊ नकोस.

तुझा,
काका