कावळ्याच्या घरट्यातले ठिपकेदार पिल्लू

प्रश्न : आमच्या परसातल्या आंब्यावर कावळ्याची जोडी अंगावर पांढरे ठिपके असलेल्या एका तपकिरी पिल्लाला भरवते आहे. ते कोकिळेचे असावे का? कावळ्याच्या पिल्लांसाठी त्याला बाजूला काढावे का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, ते कोकिळेचेच, आणि ठिपक्यांवरून पाहता मादी पिल्लू आहे. नर पिल्लू काळे असल्यामुळे कावळ्यांच्या पिल्लांत पुष्कळदा लक्षातच येत नाही. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. नर कोकीळ कावळ्यांना डिवचून आपल्या मागे लावतो आणि तेवढ्या अवधीत मादी त्यांच्या घरट्यात अंडे घालते, ही युक्ती घरट्यावर धीराने नजर ठेवणाऱ्याला प्रत्यक्ष पाहायला मिळू शकते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असते व साधारण १२ ते १४ दिवसांत, म्हणजे कावळ्याच्या अंड्यांच्या काही दिवस आधीच उबते, त्यामुळे आयत्या चाऱ्यात या पिल्लाचा वाटा मोठा राहतो. मात्र ते कावळ्याची सगळी पिल्ले घरट्याबाहेर ढकलतेच असे नाही. दोन्ही पिल्ले एकत्र वाढलेलीही आढळतात.

पिल्लाला कृपया हात लावू नये. ही निसर्गातील जुनी व्यवस्था आहे आणि आपल्या भागात कावळे काही दुर्मीळ नाहीत. दुरून, शक्यतो दुर्बिणीतून पाहावे आणि कोण किती वेळा भरवते याची तारीखवार नोंद ठेवावी. परसात सातभाई असतील, तर त्यांच्याकडेही लक्ष असू द्यावे. पावशा आणि चातक आपली अंडी त्यांच्या घरट्यांत घालतात.